मनगटाला झेपेल तीच गोळी घ्या

ताई, मनगट दुखतं म्हणून आणखी हलकं रिव्हॉल्व्हर घेऊ का, असं विचारलंत; तसं बघू नका. हत्यार जितकं हलकं, तितका धक्का जास्त. कानपूरचं २०१४ सालचं 'निर्भीक' रिव्हॉल्व्हर सुमारे ५०० ग्रॅमचं. पर्समध्ये छान मावतं, पण सरावात हात भरून येतो.

नवीन माणसानं .२२ लाँग रायफल या काडतुसावर हात बसवावा, असं माझं ठाम मत आहे; नावात रायफल असली तरी ते .२२ च्या रिव्हॉल्व्हरमध्येही चालतं. त्याची गोळी साधारण ४० ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप), रिव्हॉल्व्हरच्या .३२ एस अँड डब्ल्यू लाँग काडतुसाची ९८. फरक पहिल्याच बारात कळतो. मात्र .२२ मध्ये एखादं काडतूस फुसकं निघतं. तसं झालं तर नळी टार्गेटकडेच धरून तीस सेकंद थांबा, लगेच उघडू नका; ते उशिरा उडू शकतं.

लायसन्स .३२ चंच असेल तर सरावाला सपाट तोंडाची वॉडकटर गोळी मिळते का बघा, तिचा धक्का मऊ असतो. आणि दुकानात नुसतं "बत्तीस द्या" म्हणू नका! पिस्तुलाचं ७.६५ एमएमही बत्तीसच म्हणवतं. काडतुसांच्या डबीवर 'एस अँड डब्ल्यू लाँग' वाचा, नळीवरच्या अक्षरांशी ताडून बघा.

रेंजवर सोलापुरी चादरीची घट्ट घडी करून मनगटाखाली घ्या. सोबतच्याला सिलिंडरमध्ये मधेच एक रिकामी केस, म्हणजे उडालेल्या काडतुसाचं कवच, घालायला सांगा, तुम्ही बघू नका. त्या केसवर चाप ओढताना नळी खाली बुडाली, तर तुम्ही धक्क्याला आधीच घाबरताय. तेव्हा काडतूस बदलण्याआधी हेच महिनाभर करा.

आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात काडतुसांची डबी गाडीच्या डिकीत अजिबात ठेवू नका.