‘प्लेस आहे का?’ विचारणाऱ्याबद्दल

सोलापूर, रविवार

प्रिय पोरा,

तुझा मेसेज दोनदा वाचला. विचारलंस एवढंच, की पुरुषांनी पुरुषांना भेटायचं फुकटातलं कुठलं ॲप बरं. पण शेवटी ‘एक जण रात्री नऊला कंबर तलावाकडं ये म्हणतोय’ असं जे सहज टाकलंस, त्यानं माझी झोप उडाली. फोनवर बोललो असतो, पण तुझ्या घरच्या भिंती पातळ. म्हणून हे पत्र. वाचलंस की फाडून टाक.

आधी ॲपचं. ग्राइंडर २००९ पासून आहे. प्लॅनेटरोमिओ (आता नुसतं ‘रोमिओ’) त्याहून जुनं, आणि ते ब्राउझरमध्येही उघडतं. म्हणजे धाकटी बहीण गेम खेळायला फोन घेते तेव्हा ॲपचं चिन्ह दिसायची भीती नाही. दोन्ही फुकट चालतात. फुकट म्हणजे जाहिराती, आणि जाहिरातवाल्यांना तुझी माहिती हवी असते. ग्राइंडरनं ती लोकेशनसकट त्यांना दिली, म्हणून नॉर्वेच्या डेटा संरक्षण प्राधिकरणानं २०२१ मध्ये ६.५ कोटी क्रोनर दंड लावला. कुठलंही घे, मी एवढंच बघतो: मोबाइल नंबर न देता नुसत्या ईमेलवर खातं उघडतं का, आपण समोरच्यापासून किती लांब ते अंतर लपवता येतं का, खातं कायमचं पुसता येतं का. ॲप फोनवरून काढलं म्हणजे खातं गेलं असं नसतं. हे कळेपर्यंत कितीतरी पोरांचे फोटो तिथं लटकलेले असतात. कॉन्टॅक्ट्सची परवानगी मागितली तर नाही म्हण.

अंतर आजच बंद कर. पुण्यात ‘२०० मीटर’ म्हणजे शेकडो माणसं. साखर पेठेत २०० मीटर म्हणजे दोन बोळ, एक किराणा दुकान आणि तुझा चुलता. शिवाय तीन ठिकाणांहून अंतर मोजलं की घर सापडतं, शाळेतली भूमिती आहे ती. आकडा लपवला तरी जवळचे वर आणि लांबचे खाली हा क्रम दिसतोच, तेव्हा घरात बसून उघडू नकोस. सात रस्त्यावर चहा पिताना उघड.

खरी फजिती मात्र ॲपच्या बाहेर होते. मी एकाला नाव सांगितलं ‘समीर’ आणि विश्वासानं नंबर दिला. त्यानं ट्रूकॉलरवर टाकला, तर आडनावासकट खरं नाव आणि पुढं ‘टॉवेलवाले’. बाजारात निम्म्या लोकांनी माझा नंबर तसाच सेव्ह केलाय. समीर तिथंच वारला. यूपीआयचंही तेच. चहाचे वीस रुपये पाठवलेस की बँकेतलं नाव समोरच्याच्या हातात, म्हणून रोख दे. बोलायचंच असेल तर टेलिग्रामवर नंबर लपवून युजरनेमनं बोल. आणि व्हॉट्सॲपच्या डीपीचा फोटो प्रोफाइलला नको.

२०१६ ची गोष्ट तुला सांगितली नव्हती. एकानं होटगी रोडला खोलीवर बोलावलं. दारामागं अजून दोघं होते. अर्ध्या तासात माझा व्हिडिओ आणि दुकानाचा पत्ता त्यांच्याकडं. पाच हजार दिले. पंधरा दिवसांनी दहा मागितले, मग दर महिन्याला. त्या दिवाळीला कामगारांचा बोनस मी उसने आणून वाटला. पोलिसात कसा जाणार? तेव्हा पुरुषा-पुरुषातले संबंध कलम ३७७ खाली गुन्हा होते, मीच गुन्हेगार ठरलो असतो. ६ सप्टेंबर २०१८ ला हा गुन्हा नाही असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, तेव्हा दुकान लवकर बंद करून सिद्धेश्वर तलावाच्या कट्ट्यावर नुसता बसून राहिलो. सांगणार कुणाला?

आता दोन सज्ञान माणसांनी राजीखुशीनं भेटणं गुन्हा नाही. धमकावून पैसे उकळणं गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ३०८. कुणी धमकी दिलीच तर पहिला रुपयाही देऊ नकोस. माझ्यासारखं घाबरून चॅट पुसू नकोस. स्क्रीनशॉट, नंबर, पैसे गेले असतील तर व्यवहाराचा क्रमांक, सगळं ठेव आणि सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन लाव. फोटो पसरवायची धमकी असेल तर स्टॉपएनसीआयआय नावाची सोय आहे: फोटो तुझ्या फोनमध्येच राहतो, फक्त त्याचा डिजिटल ठसा पुढं जातो आणि त्यात सामील असलेल्या साइट्स तो ठसा जुळला की फोटो अडवतात. चौकीतला हवालदार कदाचित हसेल. हसू दे. तक्रारीची प्रत घेतल्याशिवाय उठू नकोस.

आता तुझा तलाववाला. ‘प्लेस आहे का?’ असं पहिल्याच ओळीत विचारणारे सगळे वाईट नसतात. घरी सहा माणसं आणि दोन खोल्या, दुसरं काय विचारतील बिचारे. पण ह्यानं चेहरा दाखवला नाही आणि जागा, वेळ सगळं त्यानंच ठरवलं, हे मला पटत नाही. त्याला म्हण, आधी दोन मिनिटं व्हिडिओ कॉल, फक्त चेहरा. कपडे काढ म्हणाला तर तिथंच कट कर, पलीकडं रेकॉर्डिंग चालू असू शकतं. वय विचार; तू एकवीसचा आहेस, तो अठराच्या खालचा निघाला तर विषय संपला. आणि पहिली भेट संध्याकाळी पाचला, पार्क स्टेडियमजवळ भेळेच्या गाड्यांपाशी. तू आधी पोच, लांबून बघ, एकटाच आलाय का. जमलं नाही तर भेळ खाऊन घरी ये. कंडोम आणि तपासणीचं समोरासमोर बोलू. सरकारी दवाखान्यातल्या आयसीटीसी केंद्रात एचआयव्हीची तपासणी फुकट होते आणि नाव बाहेर जात नाही, एवढं आत्ता पुरे.

निघताना मला ‘टॉवेल बघायला चाललोय’ असा मेसेज टाक, सोबत ठिकाण. दोन तासांत ‘आवडला’ किंवा ‘नाही आवडला’ एवढं कळव. नाही कळवलंस तर मी स्कूटर काढणार, आणि भेळवाल्यासमोर तुला काय बे, मोबाइल कशाला दिलाय म्हणून विचारणार.

तुझा,
काका