वाचकांचे प्रश्न: सॅटेलाइटमधून जमीन वाचायची म्हणजे काय करायचं?

प्रश्न: मी परभणीला बीएस्सी ॲग्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. मला रिमोट सेन्सिंगमध्ये रिसर्च करायचाय पण घरचे म्हणतात ते कॉम्प्युटरवाल्यांचं काम, शेतकीवाल्यांना तिथे कोण विचारतंय. आणि मलाही नीट कळत नाही की सॅटेलाइटचे फोटो बघत माणूस आयुष्यभर नक्की करतो काय. एखाद्या शास्त्रज्ञाचं उदाहरण घेऊन सांगाल का?
(एक विद्यार्थिनी, परभणी)

उत्तर: घरच्यांना आधी हे सांग की या क्षेत्रातल्या फार मानाच्या नावांपैकी एक, नासाच्या गोडार्ड स्पेस फ्लाइट सेंटरमध्ये अनेक दशकं काम केलेले कॉम्प्टन टकर, यांची सुरुवात गवताच्या माळावर झाली. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात पॉनी नावाचा गवताळ प्रदेश आहे, पाऊस कमी, गवत आखूड, आपल्या माणदेशाची आठवण यावी असा. तिथे 1970च्या दशकात पीएचडी करताना टकर गवताच्या एकेका छोट्या तुकड्यावरून परत येणारा प्रकाश यंत्राने मोजायचे, मग तेवढंच गवत कापून, वाळवून, त्याचं वजन करायचे आणि कुठल्या रंगाचा प्रकाश त्या वजनाशी जुळतो ते बघायचे. तू प्रॅक्टिकलला ड्राय मॅटर काढतेस ना, तेच काम!

त्यातून त्यांच्या हाताला जे लागलं ते असं. हिरवं पान लाल प्रकाश शोषून घेतं, कारण क्लोरोफिलला तो लागतो, आणि आपल्या डोळ्यांना न दिसणारा निअर इन्फ्रारेड मात्र पानाच्या आतल्या पेशींच्या रचनेमुळे भरपूर परत फेकला जातो. इन्फ्रारेडमधून लाल वजा करायचा आणि दोघांच्या बेरजेने भागायचं, की झाला एनडीव्हीआय, म्हणजे हिरवेपणाचा आकडा, जो तू पुस्तकात वाचला असशीलच. हे सूत्र टकर यांनी शोधलेलं नाही, टेक्सासमधल्या संशोधकांनी ते आधीच वापरलं होतं, पण लाल आणि इन्फ्रारेडच्या वेगवेगळ्या जोड्या गवतावर तपासून हिरवेपणा कशाने चांगला कळतो हे त्यांनी 1979च्या पेपरात व्यवस्थित मांडलं आणि आजही लोक तो पेपर उघडतात.

आता टकर यांच्या करिअरचं खरं वळण. तेव्हा जमिनीचे फोटो काढणारा अमेरिकेचा लँडसॅट उपग्रह त्याच जागेवर 18 दिवसांनी यायचा, त्या दिवशी नेमके ढग असले की पुढची पाळी आणखी 18 दिवसांनी, तोवर पीक कुठल्या कुठे गेलेलं. हवामान खात्याच्या कामाचे अमेरिकेचे नोआ उपग्रह मात्र रोज सगळी पृथ्वी बघायचे. त्यांच्यावरचं एव्हीएचआरआर हे यंत्र ढग, बर्फ, समुद्राचं तापमान यासाठी बनवलेलं, पिक्सेल जेमतेम 1 किलोमीटरचा, म्हणजे आपलं अख्खं गावशिवार पाच-दहा टिपक्यांत संपलं. पण त्यात लाल आणि इन्फ्रारेड दोन्ही होते आणि गवत कापून बघितलेल्या माणसाला त्याचा अर्थ लगेच कळला. टकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हवामानाच्या त्या उपग्रहांवरून आफ्रिकेतली हिरवळ आठवड्यामागून आठवडा मोजायला घेतली. ढगाची अडचणही साधेपणाने सोडवली, ढग आला की एनडीव्हीआय खाली पडतो, म्हणून ठरावीक दिवसांतली सगळ्यात मोठी किंमत घ्यायची, बाकीच्या सोडून द्यायच्या.

त्या काळात सगळीकडे एकच बोललं जायचं की सहारा वाळवंट दरवर्षी दक्षिणेकडे सरकतंय, परत येत नाही. टकर आणि दोन सहकाऱ्यांनी 1980 ते 1990 अशी सलग वर्षं मोजली आणि 1991 साली दाखवलं की ती सीमा पावसाबरोबर मागेपुढे होते, 1984च्या भीषण दुष्काळात ती खूप खाली आली होती आणि चांगल्या पावसात पुन्हा वर गेली. मला हे काम फार मोठं वाटतं, कारण एका वर्षाचा फोटो बघून कोणीही काहीही म्हणू शकतं, दहा वर्षं रोज बघितल्यावरच जमीन काय करतेय ते कळतं. पुढे 1993 साली ब्राझीलच्या ॲमेझॉनमधली जंगलतोड लँडसॅटवरून मोजली, 1978 साली 78,000 चौरस किलोमीटर आणि 1988 साली 2,30,000. आकडा भयंकरच होता, पण आधीच्या काही अंदाजांपेक्षा कमी निघाला आणि त्यांनी तो तसाच छापला. 2020 साली, म्हणजे गवत कापल्याला चार दशकं उलटून गेल्यावर, ते ज्या टीममध्ये होते तिने पश्चिम आफ्रिकेच्या कोरड्या भागात अगदी बारीक फोटोंवरून एकेक झाड मोजलं, 13 लाख चौरस किलोमीटरमध्ये 180 कोटींहून जास्त झाडं. तिथे झाडं जवळजवळ नाहीतच असं धरून चालायचे लोक, कारण ती जंगलात नव्हती, आपल्या बांधावरच्या बाभळी-निंबासारखी विखुरलेली होती.

यंत्र बदललं, उपग्रह बदलले, कॉम्प्युटर तर ओळखू येणार नाही इतके बदलले, प्रश्न तोच राहिला की कोरड्या जमिनीवर हिरवं किती आहे आणि ते का वाढतं-घटतं. म्हणून तुला माझा सल्ला, आधी जमिनीचा एक प्रश्न धर. तुझ्याकडे मराठवाडा आहे, काळी माती आहे, सोयाबीन आहे, दुष्काळ आहे. कोडिंग शिकावंच लागेल, पायथन नाही आलं तर अडेल, पण ते सहा-आठ महिन्यांत येतं आणि पावसाचा खंड पडल्यावर भारी जमिनीतलं सोयाबीन कधी मान टाकतं हे तुला आत्ताच माहितीये.

वाटा विचारशील तर डेहराडूनला इस्रोची रिमोट सेन्सिंग शिकवणारी संस्था आयआयआरएस आहे, तिथे शेती आणि माती हा वेगळा विषय घेऊन एमटेक करता येतं, त्यांचे ऑनलाइन कोर्सही असतात, तिथून सुरुवात कर. आयआयटी मुंबईत याच विषयाचं केंद्र सीएसआरई आहे, अहमदाबादच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरमध्ये जेआरएफच्या, म्हणजे संशोधन फेलोशिपच्या, जागा निघतात, नागपूरला राज्याचं रिमोट सेन्सिंग केंद्र एमआरसॅक आहे. पात्रता दरवर्षीच्या जाहिरातीत बघून घे. डेटाला आता पैसे लागत नाहीत, लँडसॅटच्या एका फोटोला एकेकाळी 600 डॉलर पडायचे, 2008पासून ते फुकट झालं आणि युरोपच्या सेंटिनेल उपग्रहांचा डेटा पहिल्यापासूनच फुकट आहे.

आणि शेतात जावं लागतंच. पिकावरून परत येणाऱ्या प्रकाशाचं रीडिंग आम्ही घेतो ते ऊन डोक्यावर असताना, अंगात गडद कपडे, कारण पांढऱ्या शर्टावरून उडालेला प्रकाशही रीडिंगमध्ये शिरतो. आधी तुलनेसाठी पांढऱ्या पॅनेलवर यंत्र धरायचं, मग पिकावर, मग पुन्हा पॅनेलवर, मधेच ढगाचा तुकडा आला की तो जाईपर्यंत ओळीत उभं राहायचं, आणि स्वतःची सावली पिकावर पडू द्यायची नाही. दुपारपर्यंत अंग भाजून निघतं. हे आवडलं तर तू इथे टिकशील.

प्रश्न: आपल्या देशात ही विद्या कोणी आणली? मुलांना सांगायला मराठी मुलखाशी जोडलेलं काही आहे का?
(एक निवृत्त शिक्षक, पुणे)

उत्तर: आहे की, सर, आणि तुमच्याच गावात! भारतातल्या रिमोट सेन्सिंगचे जनक म्हणतात ते पी. आर. पिशारोटी मूळचे केरळचे हवामानशास्त्रज्ञ. पुण्याची उष्णकटिबंधीय हवामान संस्था, आज पाषाणला असलेली आयआयटीएम, 1962 साली सुरू झाली तेव्हा तिचे पहिले संचालक तेच. त्याआधी मुंबईच्या कुलाबा वेधशाळेचंही काम त्यांनी पाहिलं. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर विक्रम साराभाईंनी त्यांना अहमदाबादला बोलावलं आणि 1970च्या सुमाराला त्यांनी केरळमध्ये हेलिकॉप्टरमधून नारळाच्या बागांचे इन्फ्रारेड फिल्मवर फोटो काढले, मुळाच्या रोगाने धरलेली झाडं त्यात वेगळी दिसली. निवृत्तीनंतर माणसाने नवा विषय उभा केला, मुलांना हे नक्की सांगा. आपला स्वतःचा आयआरएस-1ए उपग्रह 17 मार्च 1988ला बायकोनूरहून उडाला, पिशारोटी तेव्हा हयात होते.

प्रश्न: माझं वीस गुंठे रान आहे, कापसात तुरीच्या ओळी आहेत. सॅटेलाइटला हे दिसतं का? विम्याचं त्यावरच ठरणार असं लोक म्हणतात, भीती वाटते.
(एक शेतकरी, यवतमाळ जिल्हा)

उत्तर: दादा, हिशोब सोपा आहे. सेंटिनेल-2चा एक पिक्सेल 10 मीटर बाय 10 मीटर, म्हणजे जवळजवळ बरोबर एक गुंठा. तुमच्या वीस गुंठ्यांचे वीस टिपके झाले, पण कडेच्या टिपक्यांत बांध, शेजाऱ्याचं पीक, झाडाची सावली सगळं मिसळतं, निव्वळ तुमचे असे निम्मे उरले तरी पुष्कळ. आपल्याच रिसोर्ससॅट उपग्रहावरच्या लिस-3 कॅमेऱ्याचा पिक्सेल साडेपाच गुंठ्यांचा, तसे तर तुमच्या रानात चारही टिपके पुरते बसत नाहीत. आणि कापूस-तूर एकत्र असली की एका फोटोत वेगळी कळणं कठीणच, पिकं ओळखतात हंगामभराच्या हिरवेपणाच्या चढउतारावरून, उदाहरणार्थ सोयाबीन ऑक्टोबरात निघून रान उघडं पडतं, तूर मात्र डिसेंबरातही हिरवी राहते, असं. पावसाळ्यात ढगांमुळे ती साखळी तुटते, तिथे रडारचे उपग्रह लागतात, नासा आणि इस्रोचा निसार जुलै 2025मध्ये गेला तो त्यातलाच, ढगातून आरपार बघतो आणि दर 12 दिवसांनी त्याच जागेवर येतो.

विम्याचं म्हणाल तर उत्पादनातली घट सहसा महसूल मंडळ धरून काढतात, एकट्या तुमच्या गटाचा फोटो बघून नाही, आणि पीक कापणी प्रयोग, म्हणजे निवडलेल्या शेतातलं पीक कापून वजन करणं, त्यात असतात. तुमच्या हातात आहे ते एवढं करा, ई-पीक पाहणी करताना नुसता कापूस न लिहिता मिश्र पीक म्हणून तूरही नोंदवा, फोटो बांधावरून नको, पिकात आत जाऊन काढा, आणि मंडळात कापणी प्रयोग कुठल्या गटात लागलाय ते कृषी सहाय्यकाला विचारून त्या दिवशी तिथे हजर राहा.