इंजिन नसलेल्या कायकने व्हेलच्या जवळ गेलं तर चालतं का?

तुम्ही ऑगस्टमध्ये व्हँकुव्हर बेटावरच्या टेलिग्राफ कोव्हहून जॉन्स्टन सामुद्रधुनीत कायकने जाणार आहात आणि विचारताय की, कायकला इंजिन नाही, मग जवळ जायला काय हरकत आहे? हरकत आहे. कॅनडातला अंतराचा नियम वल्ह्यांच्या होडीलाही लागू आहे. तिथल्या ऑर्कांपासून (म्हणजे किलर व्हेल) किमान २०० मीटर, हंपबॅक या मोठ्या व्हेलपासून १०० मीटर. हंपबॅकसोबत पिल्लू असेल किंवा तो विसावलेला असेल, तर तिथेही २००.

कायकचा आवाज होत नाही, खरा धोका तिथेच आहे. ऑर्का स्वतः आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून समोर काय आहे ते ओळखतात. हंपबॅकला ते जमत नाही. मोटरबोट त्याला ऐकू तरी येते. माशांच्या थव्यावर खालून तोंड उघडून झेपावताना वर कायक आहे हे त्याला कळतही नाही. २०२० मध्ये कॅलिफोर्नियात अव्हिला बीचजवळ असंच घडलं, दोघीजणी कायकसकट उलटल्या. सुदैवाने वाचल्या. त्यामुळे पाण्यावर पक्ष्यांची झुंबड आणि उसळणारे छोटे मासे दिसले की तिथून दूर व्हा. हंपबॅक आसपास असेल तर वल्ह्याने कायकच्या कडेवर ठोकत राहा, म्हणजे तुम्ही तिथे आहात हे त्याला कळेल.

ऑर्कांच्या बाबतीत वेगळी काळजी. इथले ‘निवासी’ म्हणवले जाणारे ऑर्का सामन मासे खातात, त्यातही चिनूक जातीचे, आणि बरेचदा किनाऱ्याला लागून जातात. म्हणजे तुम्हीच त्यांच्या वाटेत असू शकता. ते येताना दिसले की किनाऱ्याकडे सरका, सगळ्या कायक एकमेकींना धरून केल्पमध्ये, म्हणजे समुद्री शेवाळाच्या दाटीत, थांबवा आणि वल्ही आवरा. पुढे जाऊन त्यांच्या वाटेत थांबणं मला सर्वांत वाईट वाटतं. अंतर पाळल्यासारखं दिसतं, पण शिकार करणाऱ्या कुटुंबाचा रस्ता अडतो.

याच सामुद्रधुनीतल्या रॉबसन बाइट या उपसागरात अजिबात शिरू नका. तिथल्या गुळगुळीत गोट्यांवर ऑर्का अंग घासतात, म्हणून १९८२ पासून ती जागा राखीव आहे.

आणि जमेल तेव्हा कायक ओढून खडकावर बसूनच बघा. खूप छान दिसतं. पाण्यात उतरायचंच असेल तर स्थानिक गाइडसोबत जा. तिथे प्रवाह जोरदार असतो, ऑगस्टमध्ये धुकं पडतं आणि त्याच वाटेने मोठी क्रूझ जहाजंही जातात.