गीझर तडतडतो, नवा घ्यावा का?

प्रश्न : आमचा १५ लिटरचा गीझर सहा वर्षांचा आहे. पाणी बोअरचं. तापताना आतून तडतड आवाज येतो. दुकानदार म्हणतो, वीज फार खातोय, नवा पाच स्टारचा घ्या. काय करू? – एक वाचक, लातूर

उत्तर : ताई, थांबा. तो आवाज कॉइलवर बसलेल्या क्षाराचा आहे. क्षार स्वतः फारशी वीज खात नाही, कॉइलला मात्र जाळतो. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ५५ पर्यंत न्यायला साधारण ०.६ युनिट लागतं. २ किलोवॉटच्या कॉइलला त्यासाठी वीसएक मिनिटं पुरतात. तुमच्याकडे तासभर लागत असेल, तर आधी व्होल्टेज तपासा. २३० ऐवजी १८० मिळालं, की कॉइलची ताकद चाळीस टक्क्यांनी घटते.

साफसफाई मेकॅनिककडूनच करून घ्या, पण त्याच्यासमोर उभ्या राहा. एमसीबी (वीज तोडणारा स्विच) बंद, पाणी पूर्ण काढलेलं, मग कॉइल बाहेर. ती लिंबूसत्त्वाच्या कोमट पाण्यात भिजवायची. संडासाचं ॲसिड ओतू देऊ नका, घाई असलेले ओततात! गॅस्केट, म्हणजे कॉइलच्या बुडाशी पाणी अडवणारी रबरी चकती, नवीच हवी. आणि मॅग्नेशियमचा रॉड दाखवायला सांगा. टाकीऐवजी तो गंजतो, म्हणून टाकी टिकते; झिजून तार उरली असेल तर बदला. याच्याकडे कुणी बघतच नाही.

थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान ठरवणारं बटण, ५५ वर ठेवा. टाकीच गळत असेल, तरच नवा घ्या.