एक्सेलच्या व्हीलुकअपऐवजी पायथनच्या डिक्शनरीने जुने दर कसे बदलायचे?
मालाच्या यादीत कोड आणि जुना दर, नवे दर दुसऱ्या शीटमध्ये, असा तुमचा प्रश्न. नव्या शीटवरून कोड ही की आणि दर ही व्हॅल्यू अशा जोड्यांची डिक्शनरी करा, मग पांडाजमध्ये (पायथनची तक्त्यांसाठीची लायब्ररी) कोडच्या कॉलमवर मॅप चालवा, म्हणजे प्रत्येक कोडपुढे नवा दर येतो. न सापडलेल्या कोडपुढे रिकामं येतं, म्हणून रिकाम्या जागा भरणाऱ्या फिलएनएला लगेच जुन्या दराचा कॉलम द्या.

खरी गोची कोडमध्येच असते. '००७' वाचताना ७ होतो. दोन्ही फाइलींत कोड आकडा नव्हे, स्ट्रिंग (मजकूर) म्हणूनच वाचा. कॅपिटल-स्मॉल अक्षरं व्हीलुकअपला सारखीच, डिक्शनरीला वेगळी. आणि एकच कोड दोनदा असेल तर? नेमकं जुळवणारा व्हीलुकअप पहिला दर उचलतो, डिक्शनरीत शेवटचा उरतो. माझी अख्खी दुपार यातच गेली होती.