टेबलावरच्या गप्पा : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात आपण एका गोष्टीबद्दल लिहिलं होतं, की ज्यांनी खरोखर काही नवं घडवलंय अशा माणसांना त्यांच्या आवडत्या हॉटेलात गाठून जेवताना गप्पा मारल्या तर ऑफिसातल्या मुलाखतीपेक्षा वेगळंच काहीतरी हाती लागतं. त्यावर बरीच पत्रं आणि मेल आले. निवडक प्रश्न घेतोय.

प्रश्न : एनव्हिडिया ही कॉम्प्युटरच्या चिप काढणारी कंपनी हॉटेलात सुरू झाली असं तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. हे खरंच आहे का? आणि तिचे प्रमुख जेन्सन हुआंग, एवढ्या मोठ्या माणसाला इतकं साधं हॉटेल का आवडावं? (इंजिनीअरिंगची विद्यार्थिनी, नाशिक)

खरं आहे, आणि एका ओळीत उरकण्यासारखं ते नव्हतंच. अमेरिकेत डेनीज नावाची हॉटेलांची साखळी आहे, अंडी, पॅनकेक, सँडविच, कॉफी असलं साधं खाणं, रात्री-अपरात्री पण उघडी असते, ट्रकवाल्यापासून कॉलेजच्या पोरांपर्यंत सगळे तिथे दिसतात. सॅन होजेमध्ये बेरीएसा रोडवर तिची एक शाखा आहे. जेन्सन हुआंग, ख्रिस मालाचोव्स्की आणि कर्टिस प्रीम हे तिघं तिथे बसायचे, हुआंग तेव्हा एलएसआय लॉजिक या चिप कंपनीत आणि बाकीचे दोघं सन मायक्रोसिस्टिम्स या कॉम्प्युटर कंपनीतले. पीसीवर चांगली ग्राफिक्स देणारी चिप काढायची, त्याला मार्केट आहे का, किती पैसे लागतील, नोकरी सोडायची का, हे सगळं कॉफीवर कॉफी पीत ठरत गेलं आणि १९९३ च्या एप्रिलमध्ये कंपनी सुरू झाली. तिथेच का? तर घरापेक्षा शांत आणि कॉफी स्वस्त, असं हुआंग यांनीच सांगितलंय.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. पंधराव्या वर्षी हुआंग पोर्टलंडमधल्या एका डेनीजमध्येच कामाला होते, भांडी घासायची, टेबलं साफ करायची, मग पुढे वेटर. म्हणजे ज्या हॉटेलात आपण लोकांची ताटं उचलली तशाच हॉटेलात बसून त्यांनी कंपनी उभी केली. २०२३ मध्ये कंपनीचं बाजारमूल्य एक लाख कोटी डॉलरच्या वर गेलं आणि त्याच वर्षी डेनीजने त्या टेबलापाशी पाटी लावली, हुआंग स्वतः हजर होते.

आणि ही सवय सुटलेली नाही हे बघा. २०२४ मध्ये तैवानमधल्या तैपेईच्या निंगशिया नाइट मार्केटमध्ये ते टीएसएमसीचे संस्थापक मॉरिस चँग यांच्याबरोबर रस्त्यावरचं खाणं खायला गेले (एनव्हिडियाच्या चिप बनवते ती टीएसएमसीच), आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियात सोलला सॅमसंगचे आणि ह्युंदाईचे प्रमुख बरोबर घेऊन एका साध्या दुकानात फ्राइड चिकन आणि बिअर. फोटोसाठी होतं का? असेलही थोडं, पण ज्या माणसाने वेटरचं काम केलंय त्याला अशा जागी अवघडल्यासारखं होत नाही, आणि समोरचाही मग मोकळा होतो.

प्रश्न : असे किस्से नेहमी सिलिकॉन व्हॅलीतलेच का ऐकू येतात? तिथल्या हॉटेलात असं काय वेगळं आहे? (ठाणे)

हॉटेलात काही वेगळं नाही हो, वेगळेपण कायद्यात आणि अंतरात आहे. माउंटन व्ह्यूमध्ये वॉकर्स वॅगन व्हील नावाचा एक बार होता. फेअरचाइल्ड, इंटेल, नॅशनल सेमीकंडक्टर या सगळ्या चिप कंपन्या त्याच पट्ट्यात, तर संध्याकाळी सुटल्यावर इंजिनीअर तिथे जमायचे. आज लाइनवर वेफर (ज्यांच्यावर चिप बनतात त्या सिलिकॉनच्या चकत्या) का खराब झाल्या, कोणाचं यील्ड (चांगल्या निघालेल्या चिपचं प्रमाण) किती आलं, कोण कुठे चाललंय, हे प्रतिस्पर्धी कंपन्यांचे लोक एकमेकांना बिनधास्त सांगायचे कारण उद्या आपणच त्याच्या कंपनीत असू शकतो हे दोघांनाही माहीत. आणि तसं जाता यायचं, कारण कॅलिफोर्नियात १८७२ पासून असा कायदा आहे की नोकरी सोडल्यावर प्रतिस्पर्ध्याकडे जाणार नाही असा करार मालकाने लिहून घेतला तरी तो कोर्टात टिकत नाही. हा कायदा नसता तर त्याच टेबलावर त्याच बिअरसमोर सगळे गप्प बसले असते असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्याकडे लोक व्हॅलीची नक्कल म्हणून ऑफिसात बीन बॅग आणि कॉफी मशीन आणतात आणि शेजारच्या कंपनीतल्या मित्राशी कामाबद्दल बोललास तर नोटीस देतात, मग कसं होणार? वॅगन व्हीलची इमारत २००३ मध्ये पाडली, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

जवळच पोर्टोला व्हॅलीत अल्पाइन इन म्हणून जुनं बिअर गार्डन आहे. २७ ऑगस्ट १९७६ ला एसआरआय या संशोधन संस्थेच्या लोकांनी तिथे आपली रेडिओची व्हॅन उभी केली, अंगणातल्या लाकडी टेबलावर टर्मिनल (लांबच्या कॉम्प्युटरला मेसेज पाठवायचं यंत्र) मांडला, व्हॅनपर्यंत वायर ओढली आणि एक रिपोर्ट पाठवला जो आधी रेडिओ नेटवर्कवरून आणि मग अर्पानेट या इंटरनेटच्या आधीच्या नेटवर्कवरून गेला. दोन वेगळ्या जातीची नेटवर्क जोडून पाठवलेला मेसेज, इंटरनेट म्हणजे मुळात हेच ना! लॅबपासून लांब पण रेडिओच्या टप्प्यात, अशी जागा त्यांना हवी होती आणि तिथे बिअरही मिळायची.

प्रश्न : तुमच्या लेखात सगळे कंपनीवाले. गणित-विज्ञानवाले हॉटेलात बसत नाहीत की काय? (निवृत्त शिक्षक, कोल्हापूर)

सर, तुमचा प्रश्न वाचून फार आनंद झाला, कारण माझं सगळ्यात लाडकं उदाहरण गणितातलंच आहे. तेव्हा पोलंडमध्ये असलेलं ल्वूव्ह शहर, आज ते युक्रेनमध्ये आहे, ल्विव्ह. तिथे विद्यापीठाजवळ स्कॉटिश कॅफे होता. १९३० च्या दशकात स्टेफान बानाख, स्टानिस्लाव माझूर, स्टानिस्लाव उलाम ही गणिती मंडळी तिथे बसून गणितं सोडवायची. टेबलं संगमरवरी, त्यामुळे पेन्सिलीने सरळ टेबलावरच लिहायचे, आणि उठून गेले की कॅफेतले लोक टेबल पुसायचे आणि गेलं सगळं पाण्यात! एकदा तर बानाख, माझूर आणि उलाम सलग सतरा तास बसले होते, मध्ये फक्त खाण्यापुरतं थांबले, हे उलाम यांनी सांगून ठेवलंय.

शेवटी बानाख यांच्या पत्नी लुत्सिया यांनी एक जाड वही आणून दिली. साल १९३५. वही कॅफेतच राहायची, कोणी गणिती आला की वेटर आणून द्यायचा. एका बाजूला प्रश्न लिहायचा आणि उत्तरासाठी जागा सोडायची. बक्षिसंही लिहिलेली असायची, कुठे कॉफी, कुठे वाइनची बाटली. माझूर यांनी १९३६ मध्ये एका प्रश्नाला जिवंत हंस लावला. मग महायुद्ध आलं, त्या मंडळींतले कितीतरी मारले गेले, काही परदेशी गेले, बानाख १९४५ मध्ये वारले, पण वही वाचली. आणि त्या प्रश्नाचं उत्तर सापडलं १९७२ मध्ये, स्वीडनच्या पेर एन्फ्लो यांना, तेव्हा माझूर हयात होते आणि त्यांनी वॉर्सामध्ये एन्फ्लो यांना खरोखर हंस दिला! एमएस्सीला फंक्शनल अ‍ॅनालिसिस ही गणिताची शाखा शिकताना बानाख यांच्याच नावाची बानाख स्पेस ही कल्पना येते तेव्हा मुलांना ही गोष्ट सांगितली पाहिजे असं मला फार वाटतं, तुमच्यासारखे शिक्षक नक्की सांगत असणार.

मला यात सगळ्यात मोठं काम लुत्सियाबाईंचं वाटतं. बाकीच्यांनी प्रमेयं मांडली, पण वही नसती तर त्यातलं किती हाती राहिलं असतं? ज्यांना गप्पांमधून काही मिळवायचंय त्यांनी टेबलावर वही ठेवावी, मोबाइल नाही.

प्रश्न : टिश्यू पेपरवर आयडिया लिहिली आणि कंपनी झाली, हे किस्से खरे असतात की मार्केटिंग? (सॅन होजे, मूळचे सांगलीचे)

दोन्ही प्रकार असतात, तपासून घ्यावं लागतं. ह्यूस्टनच्या हाउस ऑफ पाइज या हॉटेलात कॉम्पॅक या कंपनीच्या पहिल्या कॉम्प्युटरचं चित्र ताटाखालच्या कागदावर काढलं गेलं हे खरं. कंपनी काढणारे रॉड कॅनियन, जिम हॅरिस आणि बिल मर्टो, तिघंही टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या चिप कंपनीतले. १९८२ ची गोष्ट. पण चित्र काढायला किती वेळ लागतो? खरं काम पुढे होतं. आयबीएमच्या पीसीवरचं प्रत्येक सॉफ्टवेअर आपल्या मशीनवर चाललं पाहिजे, आणि आयबीएमचा कोड तर चोरायचा नाही, म्हणून ज्यांनी तो कोड कधी पाहिलेलाच नाही अशा लोकांकडून तेच काम करणारा नवा कोड लिहून घेतला. मशीन साडेबारा किलोच्या आसपास, त्याला पोर्टेबल म्हणायचे तेव्हा! पहिल्याच वर्षात ५३ हजार विकली गेली, ११ कोटी १० लाख डॉलरची विक्री.

आणि डायनर्स क्लब या कार्ड कंपनीचा किस्सा घ्या, फ्रँक मॅकनमारा न्यूयॉर्कला जेवायला गेले, पाकीट विसरले, लाज वाटली आणि त्यातून क्रेडिट कार्ड जन्माला आलं. वर्षानुवर्षं छापला गेलाय हा किस्सा, पण कंपनीची प्रसिद्धी सांभाळणाऱ्या माणसानेच पुढे सांगितलं की तो आपण रचला होता. कार्ड १९५० मध्ये आलं एवढं मात्र खरं. माझी कसोटी साधी आहे, किस्सा जर चित्र काढण्याशी किंवा पाकीट विसरण्याशीच संपत असेल आणि पुढच्या कष्टांबद्दल कोणी काहीच सांगत नसेल, तर जरा थांबावं.

प्रश्न : मोठ्या माणसाबरोबर जेवायला पैसे मोजणं योग्य आहे का? (औरंगाबाद)

अमेरिकेतले बडे गुंतवणूकदार वॉरन बफे यांच्याबरोबरच्या जेवणाचा लिलाव २००० ते २०२२ पर्यंत चालला (कोविडची दोन वर्षं सोडून), पैसे ग्लाइड या गरिबांसाठी काम करणाऱ्या संस्थेला जायचे. २०२२ ची बोली १ कोटी ९० लाख डॉलर. मुंबईत जन्मलेले गुंतवणूकदार मोहनीश पबराय आणि त्यांचे मित्र गाय स्पायर यांनी २००७ मध्ये सुमारे ६ लाख ५० हजार डॉलर देऊन ही संधी घेतली, टेड वेश्लर तर दोनदा जिंकले आणि नंतर बफेंच्याच कंपनीत लागले. पण तो दानधर्म होता. आपल्याकडे 'यशस्वी उद्योजकाबरोबर डिनर, फी अमुक हजार' अशा जाहिराती येतात त्यात तुमचे पैसे कुठे जातात ते आधी विचारा.

प्रश्न : माझं छोटं हॉटेल आहे, कॉलेजजवळ. पोरं एका चहावर दोन-दोन तास लॅपटॉप उघडून बसतात. हाकललं तर वाईट वाटतं, बसू दिलं तर धंदा बसतो. काय करू? (सोलापूर)

दादा, आधी तुमचे आभार, हाकलताना वाईट वाटतं असं लिहिणारा हॉटेलवाला मला फार मोठा माणूस वाटतो. धंदा तर सांभाळायलाच पाहिजे, त्यामुळे दुपारी साडेबारा ते अडीच आणि संध्याकाळची गर्दी या वेळात टेबल अडवायचं नाही हे स्पष्ट लिहा. पण तीन ते साडेपाच टेबलं रिकामीच असतात ना? तेव्हा कोपऱ्यातली दोन टेबलं बसणाऱ्यांसाठी ठेवा, प्लग पॉइंट द्या, तासाला माणशी एक ऑर्डर असा नियम करा. पोरं मानतात, खरंच मानतात, नियम आधी माहीत असला की. पुण्यात गुडलक, वैशाली, रुपालीच्या टेबलांवर किती पिढ्यांनी वाद घातले, आणि त्याच वेळी कितीतरी हॉटेलांत 'विनाकारण बसू नये', 'राजकीय चर्चा करू नये' अशा पाट्याही होत्या. तुमची पाटी वेगळी असू द्या.

आणि हॉटेलवाला फक्त जागा देतो असं नाही. दुसऱ्या महायुद्धात तांदळाची टंचाई झाली तेव्हा बंगळुरूच्या एमटीआर हॉटेलने रव्याची इडली काढली असं सांगतात, आज ती दक्षिणेत सगळीकडे आहे.

प्रश्न : मी तिसऱ्या वर्षाला आहे. शेती अवजारं बनवणाऱ्या एका उद्योजकांना भेटीसाठी मेल केला होता, त्यांनी त्यांच्या नेहमीच्या हॉटेलात जेवायला बोलावलंय. काय विचारू? आणि बिल कोणी द्यायचं? (सातारा)

अरे वा, अभिनंदन! त्यांनी स्वतःचं नेहमीचं हॉटेल निवडलं हे उत्तम झालं. लंडनच्या फायनान्शियल टाइम्समध्ये १९९४ पासून दुपारच्या जेवणावरच्या मुलाखतींचं सदर चालू आहे, त्यांचा नियमच आहे की जागा पाहुण्याने निवडायची, बिल पेपरने द्यायचं, आणि काय खाल्लं, किती बिल झालं तेही छापायचं. तर सुरुवात तिथूनच कर, सर तुम्ही इथे कधीपासून येता? पहिल्यांदा कोणाबरोबर आलात? यातून त्यांचे सुरुवातीचे दिवस आपोआप बाहेर येतात, 'तुमच्या यशाचं रहस्य काय' विचारलंस तर भाषण ऐकायला मिळेल.

मग अवजारावर ये. पहिला नमुना कोणाच्या शेतात चालवला, कुठे मोडला, शेतकरी काय म्हणाला, लोखंड कुठून आणलं, वेल्डिंग कोणी केलं, पहिला गिऱ्हाईक उधारीवर होता का रोख. किंमत कशी ठरवली हे नक्की विचार, कारण हे कॉलेजात कोणी शिकवत नाही. ताट आल्यावर पाच मिनिटं काही विचारू नकोस, माणसाला जेवू दे. रस्सा-भाकरीसारखं हात भरतील असं मागवलंस तर लिहिता येणार नाही, त्यामुळे वही काढायची असेल तर जेवण झाल्यावर चहा सांग आणि तेव्हा लिही. रेकॉर्डिंग करायचं असेल तर आधी विचारून.

बिलाचं म्हणशील तर भेट तू मागितलीस म्हणून पैसे बरोबर ठेव आणि मीच देतो म्हण. ते देऊ देणार नाहीत हे जवळजवळ नक्की, तेव्हा काउंटरवर ओढाताण करू नकोस. त्यापेक्षा दहा-पंधरा दिवसांनी त्यांच्या बोलण्यातली कुठली गोष्ट तू वर्कशॉपमध्ये करून बघितलीस आणि काय झालं ते त्यांना कळव, आणि जमलं तर आम्हालाही.