ऊन कुठून येतंय, ते आधी पाहा

प्रश्न : कामीय पिसारो या फ्रेंच चित्रकाराचं ‘गोठलेलं दव’ हे चित्र मोबाइलवर पाहिलं. नांगरलेलं शेत, एक वाट, मोळी घेऊन चाललेला माणूस, बस्स! ना चेहरा, ना प्रसंग. यात एवढं वाखाणण्यासारखं काय आहे?

उत्तर : तुमच्या यादीतून एक गोष्ट निसटली आहे. शेतावर आडव्या पसरलेल्या लांबलचक सावल्या पाहिल्यात का? त्या टाकणारी झाडं चित्रात शोधूनही सापडणार नाहीत. ती चौकटीबाहेर आहेत. 1874 मध्ये पॅरिसला इम्प्रेशनिस्टांचं, म्हणजे क्षणाक्षणाला बदलणारा उजेड रंगवणाऱ्या चित्रकारांचं, पहिलं प्रदर्शन भरलं. त्यात हे चित्र होतं, तेव्हा कास्तान्यारी या समीक्षकाने नेमक्या याच सावल्यांना चूक ठरवलं. लुई लरुआ या दुसऱ्या समीक्षकाने तर ही नांगराची तासं नव्हेतच, मळक्या कॅनव्हासवर सारवलेली पॅलेटची (रंग कालवायच्या पाटीची) खरवड आहे, अशी टर उडवली.

मला हे चित्र आवडतं ते त्या सावल्यांमुळेच. सूर्य दिसत नाही, पण सावल्या इतक्या लांब आहेत म्हणजे तो अजून खाली आहे. ऊन चढलं की दव विरघळणार. पिसारोने शेताबरोबर ही थोडाच वेळ टिकणारी वेळही रंगवली आहे. तुम्ही शोधत होतात तो प्रसंग हाच.

आता माती पाहा. तपकिरी म्हणून पुढे जाऊ नका. पिवळट, हिरवट, पांढुरके असे लहान लहान फटकारे शेजारी शेजारी ठेवलेले दिसतील. सावलीत काळा रंग ओतलेला नाही, ती निळसर आहे. तिथे थेट ऊन पोचत नसलं तरी आकाशाचा उजेड पडतोच. माझ्या वर्गात सावली म्हटली की मुलांचा हात काळ्या रंगाकडे जातो, म्हणून हे चित्र मी त्यांना आवर्जून दाखवते.

आणि हे शेत काही प्रेक्षणीय स्थळ नव्हे. पिसारो पॅरिसजवळच्या पाँत्वाझला राहायचा, तिथून जवळच्या एनरी गावाच्या वाटेवरचं हे शेत. काठी टेकत जाणाऱ्या त्या माणसाला चेहरा नाही, पण मोळीचं ओझं त्याच्या चालीत दिसतं. मला तेवढं पुरतं.

मूळ चित्र साधारण 65 बाय 93 सेंटिमीटरचं आहे. मोबाइलवर फटकारे मिसळून जातात, म्हणून शक्यतो मोठ्या पडद्यावर उघडा. आधी लांबून पाहा, मग एकच कोपरा मोठा करून पाहा, आणि पुन्हा मागे सरका.